टीएचसी, सीबीडी आणि बाटलीवरची बाकीची अक्षरं: नवख्यांसाठी ओळख

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. "ते गांजाचं तेल सांधेदुखीला चांगलं म्हणे, तुमच्याकडे मिळेल का?" विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. मोबाइलवर जाहिरात पाहिलेली असते, नाहीतर पुण्या-मुंबईतल्या भाच्याने सुचवलेलं असतं. लगेच आवाज खाली आणून पुढचा प्रश्न येतो, "पण नशा नाही ना होणार?"

या प्रश्नांना हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. 'गांजाचं तेल' या एकाच नावाखाली बियांचं खाद्यतेल, पानांचा अर्क, वेगळं काढलेलं सीबीडी (या झाडातलं नशा न करणारं द्रव्य) आणि टीएचसी (नशेचं द्रव्य) असलेलं तेल अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या वस्तू फिरतात. एकाने काहीच होत नाही, दुसऱ्याने डोकं गरगरतं, तिसऱ्याने यकृतावर ताण येतो आणि चौथ्यापायी पोलीस दारात येतात. म्हणून मी प्रत्येकाला तीन गोष्टी शोधायला सांगतो: द्रव्य कोणतं, किती मिलिग्रॅम आणि शरीरात कोणत्या वाटेने जाणार. ही तीन उत्तरं मिळाली नाहीत तर बाटली घेऊ नका. ती शोधायची कशी, त्यासाठी हा लेख.

पायरी १: आधी झाडाचे भाग वेगळे करा

भांग, गांजा आणि चरस एकाच झाडापासून होतात. झाडाचं शास्त्रीय नाव कॅनाबिस सटायव्हा. भांग म्हणजे पानं. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्यावर आलेले शेंडे. चरस म्हणजे त्या शेंड्यांवरची चिकट राळ, हाताने चोळून किंवा चाळून वेगळी केलेली. नर आणि मादी झाडं सहसा वेगळी असतात आणि राळ मादीच्या फुलोऱ्यावरच जास्त येते.

फुलोऱ्याचा शेंडा भिंगाखाली धरला तर त्यावर दव साचल्यासारखे बारीक दाणे दिसतात. प्रत्येक दाण्याला देठ असतो आणि वर चमकदार गोल डोकं. या ग्रंथी. झाडाची जवळपास सगळी रासायनिक करामत त्या डोक्यात चालते. ग्रंथी जिथे दाट तिथे द्रव्यं जास्त, म्हणूनच नशेचं द्रव्य पानांत कमी, शेंड्यांत बरंच जास्त आणि राळेत सगळ्यांत जास्त असतं. बियांमध्ये या ग्रंथी नसतात. बियांच्या तेलात सापडलंच तर सालीला चिकटलेल्या राळेचा अंश सापडतो, तोही नगण्य.

त्यामुळे पहिली चाळणी सोपी आहे. बाटलीवर 'हेम्प सीड ऑइल' लिहिलं असेल तर ते जवसाच्या किंवा तिळाच्या तेलासारखं खाद्यतेल आहे. त्यात ओमेगा-३ आणि ओमेगा-६ स्निग्धाम्लं चांगली असतात, कोशिंबिरीवर घालायला हरकत नाही. सांधेदुखीचं किंवा झोपेचं औषध मात्र ते नव्हे. ऑनलाइन बाजारात हेच तेल पानाचं चित्र लावून चढ्या भावात विकलं जाताना मी पाहिलं आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो, कारण घेणारा माणूस दुखण्याने गांजलेला असतो.

या झाडात जी खास द्रव्यं असतात त्यांना कॅनाबिनॉइड म्हणतात. शंभराहून जास्त सापडली आहेत, पण रोजच्या व्यवहारात पाच-सहा कळली की पुरे.

पायरी २: टीएचसी समजून घ्या, कारण नशा त्याची

टीएचसीचं पूर्ण नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध रूपात वेगळं करून त्याची रचना मांडली. त्यासाठी लागलेलं लेबनॉनचं पाच किलो हशिश (चरस) मेशुलाम यांनी पोलिसांकडून मिळवलं आणि बसने प्रयोगशाळेत आणलं, ही हकीकत ते स्वतः सांगत. अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळं झालं होतं. गांजातलं मुख्य द्रव्य हाती यायला पुढची दीडशे वर्षं लागली, कारण ते राळेत मिसळलेलं, तेलकट आणि एकमेकांसारख्या दिसणाऱ्या भावंडांच्या गर्दीत होतं.

टीएचसी काम कसं करतं? मेंदूतल्या पेशींवर सीबी-१ नावाचे ग्राहक (रिसेप्टर) असतात, म्हणजे ठरावीक द्रव्यानेच उघडणारी कुलपं. स्मरण, वेळेचं भान, तोल, भूक, भीती या सगळ्यांशी संबंधित भागांत ते दाट आहेत. आपलं शरीर स्वतःच काही द्रव्यं तयार करून या ग्राहकांमार्फत पेशींचं आपसातलं बोलणं कमी-जास्त करतं. टीएचसी हे त्या कुलपात बसणारी बाहेरची किल्ली आहे. ती बसली की वेळ लांबल्यासारखा वाटतो, हसू येतं, भूक लागते, तोंडाला कोरड पडते, डोळे लाल होतात, नाडी वाढते. मात्रा जास्त झाली की याच वाटेने घाबरं होणं, संशय येणं, उलट्या आणि भ्रम इथपर्यंत मजल जाते.

औषध म्हणूनही टीएचसीला जागा आहे. प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी, म्हणजे ड्रोनाबिनॉल, अमेरिकेत १९८५ मध्ये केमोथेरपीतल्या उलट्यांसाठी मंजूर झालं. टीएचसी आणि सीबीडी जवळपास समप्रमाणात असलेला तोंडात मारायचा फवारा ब्रिटनमध्ये २०१० पासून मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात ताठर होणाऱ्या स्नायूंसाठी वापरला जातो. एका फवाऱ्यात २.७ मिग्रॅ टीएचसी असतं. हा आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेच्या व्यसनविषयक संशोधन संस्थेने २०२१ मध्ये अभ्यासासाठी टीएचसीचं प्रमाण एकक ५ मिग्रॅ ठरवलं. कॅनडात खाण्याच्या पदार्थाच्या एका पाकिटात १० मिग्रॅपेक्षा जास्त टीएचसी घालता येत नाही. म्हणजे या द्रव्याचा हिशेब एक आकडी मिलिग्रॅममध्ये होतो. सवय नसलेल्या माणसाला १० मिग्रॅसुद्धा जड जाऊ शकतं.

आता वाटेचा प्रश्न. सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. धुरावाटे टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोचतं आणि दोन-तीन तासांत त्याचा जोर ओसरतो. पोटातून गेलं तर आधी यकृतात जातं, तिथे त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं आणि हे रूपही तितकंच, काही वेळा जास्त, मेंदूवर चढतं. परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात, राहतो सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. होळीला, महाशिवरात्रीला थंडाईचा पहिला पेला पिऊन "काहीच होत नाहीये" म्हणत दुसरा आणि तिसरा घेणाऱ्यांची गत संध्याकाळी काय होते हे कुठल्याही सरकारी दवाखान्यातली परिचारिका सांगेल. पहिला पेला चढायच्या आतच दुसरा पोटात गेलेला असतो. त्यात घरगुती भांगेच्या गोळीत किती मिलिग्रॅम टीएचसी आहे हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

भांग दुधा-तुपातूनच का देतात, त्याचंही कारण रसायनात आहे. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं. पाण्यात नुसती भिजवलेली पानं फारसं देत नाहीत, तूप सगळं ओढून घेतं.

पायरी ३: सीबीडीकडून काय मिळतं, काय मिळत नाही

सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल. टीएचसी आणि सीबीडी या दोघांचं रासायनिक सूत्र अगदी सारखं आहे: कार्बन २१, हायड्रोजन ३०, ऑक्सिजन २. वजनही तेवढंच. फरक एवढाच की टीएचसीमध्ये एक जास्तीचं कडं मिटलेलं आहे आणि सीबीडीमध्ये ते उघडं आहे. त्या एका फरकामुळे सीबीडी सीबी-१ ग्राहकात टीएचसीसारखं बसत नाही आणि नशा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीचं व्यसन लागण्याची चिन्हं दिसत नाहीत असं नोंदवलं.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने शुद्ध सीबीडीचं एपिडिओलेक्स हे औषध ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या लहान मुलांतल्या दोन अवघड प्रकारच्या अपस्मारांसाठी मंजूर केलं, २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातल्या झटक्यांसाठीही. सीबीडीच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे. दुखणं, चिंता, झोप यांबाबतचा पुरावा याच्या तुलनेत पातळ आहे आणि जाहिराती मात्र नेमक्या त्याच तीन गोष्टींच्या असतात.

एका आईने मला एकदा फोनवर एका तेलाचा फोटो दाखवला आणि विचारलं, "दादा, हे सुरू केलं तर झटक्याच्या गोळ्या बंद करता येतील का?" मुलाचं वजन २० किलो. मी कागदावर हिशेब मांडला, तो इथेही मांडतो. एपिडिओलेक्स बऱ्याच मुलांना दिवसाला दर किलो वजनामागे १० मिग्रॅ दिलं जातं, म्हणजे या मुलाला २०० मिग्रॅ. फोटोतल्या बाटलीत ३० मिली तेल आणि त्यात, लेबल खरं धरलं तर, १५०० मिग्रॅ सीबीडी. म्हणजे एका मिलीत ५० मिग्रॅ. मुलाला रोज चार मिली लागले असते आणि बाटली साडेसात दिवसांत संपली असती. बाटलीवर लिहिलं होतं 'दिवसातून दोनदा पाच थेंब'. एका मिलीत वीस थेंब धरले तर दहा थेंबांचं झालं अर्धा मिली, २५ मिग्रॅ. औषधाच्या मात्रेचा आठवा हिस्सा. एवढ्याच्या भरवशावर गोळ्या बंद केल्या असत्या तर मुलाला न थांबणारा झटका येण्याची पाळी आली असती. अपस्माराच्या गोळ्या मेंदूविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका, हे मी त्या माउलीला तीनदा सांगितलं.

उलटंही खरं आहे. सीबीडी नशा करत नाही म्हणजे निरुपद्रवी आहे असं मुळीच नाही. मोठ्या मात्रेत यकृताची एन्झाइम वाढतात, विशेषतः सोबत व्हॅल्प्रोएट हे झटक्यांवरचं औषध चालू असेल तर. क्लोबाझम हे झटक्यांवरचंच दुसरं औषध घेणाऱ्यांमध्ये त्या गोळीचा सक्रिय अंश रक्तात कित्येक पट वाढतो आणि माणूस दिवसभर पेंगतो. वॉरफरिन घेणाऱ्यांमध्ये रक्त जास्त पातळ होऊ शकतं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात त्या टॅक्रोलिमसची पातळी चढू शकते. जुलाब, भूक मंदावणं, गुंगी हे नेहमीचे त्रास. ब्रिटनच्या अन्न-मानक संस्थेने २०२३ मध्ये निरोगी प्रौढांना खाण्यातून दिवसाला १० मिग्रॅच्या वर सीबीडी घेऊ नका असा सल्ला दिला. आधी हाच आकडा ७० होता.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. सीबीडी उपाशीपोटी घेतलं तर फार थोडं शोषलं जातं. तुपातेलाच्या जेवणाबरोबर घेतलं तर रक्तातलं प्रमाण चार-पाच पट वाढतं. त्यामुळे डॉक्टरांनी दिलं असेल तर रोज एकाच पद्धतीने घ्या, एक दिवस उपाशी आणि एक दिवस पुरणपोळीवर असं नको.

पायरी ४: बाकीची अक्षरं

लेबलवर टीएचसीए, सीबीडीए असं शेवटी 'ए' लावलेलं दिसेल. ही आम्लरूपं. जिवंत झाडात टीएचसी आणि सीबीडी जवळपास नसतातच, ही आम्लरूपं असतात. दोन्हींचा उगम सीबीजीए या एकाच द्रव्यातून होतो. झाडाच्या जातीनुसार एखादं एन्झाइम त्यापासून टीएचसीए बनवतं, दुसरं सीबीडीए. उष्णता लागली की आम्लरूपातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि नशेचं टीएचसी तयार होतं. विडीत हे क्षणात होतं, भट्टीत शंभर-सव्वाशे अंशांवर अर्धा-पाऊण तासात. कच्चं पान चावून फारसं काही होत नाही आणि भाजलं-शिजवलं की होतं, ते यामुळेच. 'टीएचसीए म्हणजे नशा नाही' असं सांगून परदेशात फुलोरा विकला जातो. तो पेटवला की ते टीएचसीच आहे.

सीबीएन म्हणजे कॅनाबिनॉल. टीएचसी जुनं झालं, हवा आणि उजेड लागला की त्याचं हळूहळू सीबीएन होतं. गंमत म्हणजे या झाडातलं शास्त्रज्ञांच्या हाती पहिल्यांदा लागलेलं द्रव्य हेच. केंब्रिजमध्ये वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी १८९० च्या दशकात हिंदुस्थानातल्या चरसावर काम करून ते मिळवलं आणि नशेचं मूळ सापडलं असं त्यांना वाटलं. खरं मूळ पुढे मेशुलाम यांना मिळालं. सीबीएनची नशा टीएचसीपेक्षा बरीच सौम्य असते. आज ते 'झोपेचं द्रव्य' म्हणून विकतात, त्या दाव्यामागे माणसांवरचे मजबूत अभ्यास नाहीत. एखाद्या मालाच्या तपासणीत सीबीएन बरंच निघालं तर माल जुना किंवा नीट न साठवलेला आहे एवढं मात्र कळतं.

सीबीजी आणि टीएचसीव्ही हे आणखी दोन कॅनाबिनॉइड. सीबीजी नशा करत नाही, त्यावरचं माणसांवरचं काम अजून थोडं आहे. टीएचसीव्ही कमी मात्रेत सीबी-१ ग्राहक अडवतं, भूक कमी करण्याच्या दाव्यांसह विकलं जातं. दोन्हींसाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

वासाची द्रव्यं, म्हणजे टर्पीन, यांचाही बराच गाजावाजा होतो. लिमोनीन लिंबा-संत्र्याच्या सालीत आहे, पायनीन देवदारात, लिनालूल लव्हेंडरमध्ये, कॅरियोफायलीन आपल्या काळ्या मिरीत आणि लवंगेत. त्यातलं कॅरियोफायलीन सीबी-२ या शरीरातल्या दुसऱ्या कॅनाबिनॉइड-ग्राहकाला बसतं हे खरं आहे. पण वासावरून परिणाम ओळखता येतो, अमुक जात झोपवते आणि तमुक जात उत्साह देते, ही विक्रीची भाषा आहे.

पायरी ५: कारखान्यात बदललेल्या मालापासून लांब राहा

डेल्टा-८ आणि एचएचसी या टीएचसीच्या भावंडांची नावं अमेरिका-युरोपात शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी असतात. २०१८ च्या अमेरिकी शेती कायद्यात सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यापर्यंत डेल्टा-९ टीएचसी (म्हणजे आपलं नेहमीचं टीएचसी) असलेल्या झाडाला हेम्प मानलं गेलं. डेल्टा-९ एवढंच मोजलं, त्या फटीतून डेल्टा-८ बाजारात आलं. झाडात ते अत्यल्प असतं, म्हणून स्वस्त सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया करून बनवतात. नशा करतंच, वर प्रक्रियेत उरलेली अनोळखी द्रव्यं सोबत येतात.

याहून वाईट प्रकार म्हणजे वाळलेल्या पाल्यावर फवारलेली पूर्णतः कृत्रिम रसायनं, 'स्पाइस' किंवा 'के-टू' नावाने विकली जाणारी. टीएचसी सीबी-१ ग्राहकाला अर्धवट चालू करतं, ही पूर्ण ताकदीने करतात. झटके, मूत्रपिंड निकामी होणं, मृत्यू, सगळं नोंदलेलं आहे. परदेशात शिकणाऱ्या मुलांना एवढं एक तरी सांगून ठेवा.

पायरी ६: बाटली हातात घेऊन हिशेब करा

भारतात 'विजया' (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) म्हणून जी तेलं मिळतात ती आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर, पानांच्या अर्काची असतात. त्यांच्या लेबलवर मोठ्या अक्षरांत '३००० मिग्रॅ' दिसलं की थांबा आणि कशाचे ३००० ते वाचा. बहुतेक वेळा बारीक अक्षरांत 'विजया पत्र अर्क' असं सापडतं. अर्क म्हणजे सीबीडी नव्हे. अर्कात सीबीडी, टीएचसी, मेण, हरितद्रव्य, तेल असं सगळं असतं. पानांच्या अर्कात टीएचसीच जास्त असण्याचीही शक्यता आहे. सीबीडी किती आणि टीएचसी किती हे दोन वेगळे आकडे दिलेले नसतील तर विक्रेत्याकडे मागा. मिळाले नाहीत तर बाटली परत ठेवा.

आकडे मिळाल्यावर एकूण मिलिग्रॅमला एकूण मिलीने भागा. ९०० मिग्रॅ सीबीडी आणि ३०० मिग्रॅ टीएचसी असलेल्या ३० मिलीच्या बाटलीत एका मिलीला ३० मिग्रॅ सीबीडी आणि १० मिग्रॅ टीएचसी येतं. म्हणजे अर्ध्या मिलीतच ५ मिग्रॅ टीएचसी पोटात जातं, आणि सत्तरीतली आजी ते घेऊन रात्री बाथरूमला उठली तर तोल जाऊन पडू शकते. थेंब मोजण्यापेक्षा ड्रॉपरवरची मिलीची खूण बघा, तेलाचे थेंब लहान-मोठे पडतात.

फुलोऱ्याचं लेबल परदेशात टक्क्यांत असतं. तिथे एकूण टीएचसी काढताना टीएचसीएला ०.८७७ ने गुणून मग आधीच्या टीएचसीत मिळवतात, कारण कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यावर वजन तेवढं घटतं. १८ टक्के टीएचसीए म्हणजे एका ग्रॅममध्ये १८० मिग्रॅ, त्याचे होतात जवळपास १५८ मिग्रॅ टीएचसी. वर सांगितलेल्या ५ मिग्रॅशी ताडून बघा.

'आयसोलेट', 'ब्रॉड स्पेक्ट्रम', 'फुल स्पेक्ट्रम' असेही शब्द असतात. पहिल्यात फक्त सीबीडी, दुसऱ्यात टीएचसी काढून बाकीची द्रव्यं ठेवलेली, तिसऱ्यात टीएचसीसकट सगळं. वैमानिक, जहाजावर काम करणारे, चालक, ज्यांची नोकरीत लघवीची तपासणी होते अशांनी तिसऱ्याला हातही लावू नये. तपासणी टीएचसीचा चयापचयातला अंश शोधते, तो सीबीडीच्या तेलातून आला की गांजाच्या विडीतून हे तिला कळत नाही. दुसऱ्या प्रकारातही टीएचसीचा अंश उरलेला सापडतो.

पायरी ७: प्रयोगशाळेचा अहवाल मागा

प्रत्येक बॅचचा अहवाल असायला हवा. आधी अहवालावरचा बॅच क्रमांक आणि बाटलीवरचा क्रमांक जुळतो का ते बघा, न जुळणारे अहवाल दाखवले जातात. प्रयोगशाळा उत्पादकाची स्वतःची नसावी आणि मान्यताप्राप्त असावी. मग टीएचसीची ओळ. 'सापडलं नाही' लिहिलं असेल तर शेजारी मोजण्याची किमान मर्यादा दिलेली असते, ती मर्यादाच मोठी असेल तर त्या 'नाही'ला अर्थ उरत नाही. त्यानंतर शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा. हे झाड जमिनीतले जड धातू ओढून घेण्यात पटाईत आहे, अर्क काढला की ते सोबत येऊ शकतात. शेवटी कीटकनाशकं आणि अर्क काढताना उरलेले द्रावक.

पायरी ८: कायदा काय म्हणतो

१९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, चरस आणि गांजा यांवर बंदी घालतो. त्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुला-फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं त्या व्याख्येबाहेर राहतात. म्हणून उत्तर प्रदेश, राजस्थानात सरकारमान्य भांगेची दुकानं आहेत. महाराष्ट्रात मात्र तसं समजू नका. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगणं, विकणं, सेवन करणं गुन्हा ठरतो. काशीहून गोळी खिशात घालून नाशिकला येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गांजाची 'अल्प मात्रा' एक किलोपर्यंत धरतात, पण अल्प म्हणजे माफ नव्हे. एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'यात टीएचसी कमी आहे' हा बचाव चालत नाही, कारण व्याख्या टक्केवारीवर नाही, झाडाच्या भागावर आहे.

बियांबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये परवानगी दिली. बियांत दर किलोला ५ मिग्रॅ, बियांच्या तेलात १० मिग्रॅ एवढीच टीएचसीची मर्यादा आहे आणि अशा कोणत्याही खाद्यपदार्थात सीबीडी दर किलोला ७५ मिग्रॅपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे खाद्यपदार्थाच्या परवान्यावर 'सीबीडीयुक्त' औषधी गुणाचा दावा करणारा माल दिसला की गडबड आहे हे ओळखा.

विजया औषधं, बिया सोडून, औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या ई-१ अनुसूचीत येतात. वैद्यकीय देखरेखीखाली घ्या, अशी सूचना लेबलवर असावी लागते. घराघरांत जुलाबासाठी ठेवलेलं जातिफलादी चूर्णही याच गटातलं, त्यात भांग हा मोठा घटक आहे. ते 'घरचंच चूर्ण' म्हणून लहान मुलाला चाटवू नये.

कॅनडात किंवा जर्मनीत कायदेशीर मिळालेली वस्तू बॅगेतून मुंबई विमानतळावर आणू नका. दुबई-सिंगापूरमार्गे येणाऱ्यांनी तर गमीची (टीएचसी घातलेल्या चघळायच्या गोळीची) एक गोळीही सोबत ठेवू नये.

पायरी ९: कोणी घेऊ नये, आणि चुकून जास्त गेलं तर

गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या बायका, पंचविशीच्या आतली मुलं, हृदयविकाराचे रुग्ण, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम आजार असलेले यांनी टीएचसीपासून लांबच राहावं. यकृताचा आजार असेल तर सीबीडीपासूनही. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या कुणाला सकाळी न थांबणाऱ्या उलट्या होत असतील आणि गरम पाण्याने अंघोळ केल्यावर बरं वाटत असेल, तर तो पित्ताचा त्रास नसून या द्रव्याचाच असू शकतो. डॉक्टरला सवयीसकट सांगा. सोडायची असेल तर १४४४६ या सरकारी मदतवाहिनीवर फोन करता येतो.

जास्त झालेल्या प्रौढ माणसाला शांत, मंद उजेडाच्या खोलीत बसवा. एक जण जवळ राहा, घोट घोट पाणी द्या, हे काही तासांत उतरतं असं पुन्हा पुन्हा सांगा. गाडीला हात लावू देऊ नका. पेंग येत असेल तर कुशीवर निजवा, उलटी श्वासनलिकेत जाता कामा नये. दारू, झोपेची गोळी किंवा बळेच उलटी काढणं नको. लिंबू-लोणचं चाखवून नशा उतरत नाही.

छातीत दुखणं, झटका, शुद्ध हरपणं, श्वास मंदावणं, माणसं न ओळखणं यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. लहान मुलाच्या पोटात गोळी, लाडू किंवा गमी गेली असेल तर लक्षणांची वाटही बघू नका, लगेच निघा. प्रौढाला ज्याने नुसती पेंग येते त्याने मूल बेशुद्ध पडू शकतं, श्वास मंदावू शकतो. निघताना बाटली किंवा पाकीट सोबत घ्या आणि किती वाजता, साधारण किती खाल्लं ते डॉक्टरांना न लपवता सांगा. टीएचसीला हमखास उतारा नाही, उपचार लक्षणांवर होतात, आणि भांगेचं सांगितलं नाही तर मुलाला मेंदूज्वर समजून पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्यापर्यंत तपासण्या जातात.